घराण्याची साखर

शालिग्राम नानाला साखर होणार हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त ती अजून व्हायची राहिली होती. त्याचा बाप सुपडू आबा साखरेनेच गेला. जळगावला नेऊन आधी त्याचा अंगठा कापला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय, आणि उरलेला आबा घरी आणून ओट्यावर ठेवला तेव्हा तो बाजेवर एवढासा दिसायचा. थोरला भाऊ पुना, त्याचे डोळे गेले. केळीचा घड कापायला आला की नाही हे तो शेवटी शेवटी हाताने चाचपून सांगायचा आणि माणसं तोंडात बोट घालायची. तोही गेला. आता घराण्यात वयाने पिकलेला पुरुष नानाच उरला होता. बापाकडून पोराकडे जमीन येते तशी या घरात साखर येत होती, आणि नानाचा हिस्सा तेवढा त्याच्या नावावर चढायचा होता.

नानाने तिचा धसकाच घेतला होता. बाप गेला त्या वर्षापासून त्याचा चहा बिनसाखरेचा. सकाळी उठल्याउठल्या कारल्याचा रस, दुपारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर जांभळाच्या बियांची पूड. लग्नाच्या पंगतीत बुंदी वाढणारा आला की नाना पत्रावळीवर हात आडवा धरायचा आणि दोन्हीकडची माणसं त्याच्याकडे बघून हळहळायची, जणू तो आत्ताच आजारी आहे. शेतात तो गुडघ्यापर्यंत गमबूट घालून जायचा, आत मोजे. भर वैशाखात केळीच्या बागेत मोज्यांतला माणूस बघून पोरंटोरं हसायची. पण एवढं सगळं करणाऱ्या नानाने रक्त मात्र कधी तपासून घेतलं नव्हतं. तपासलं नाही तोवर ती नाही, असा त्याचा हिशेब होता आणि त्या हिशेबावर त्याची बरीच वर्षं निभावली होती.

हा सगळा पथ्याचा कारभार नानाच्या बायकोच्या, झुंबरबाईच्या हातात होता. ती पारोळ्याकडची. लग्न होऊन इकडे रावेरच्या बाजूला आली, सासू झाली, तरी तिच्या बोलण्यातलं 'आहे'च्या जागचं 'शे' काही गेलं नाही. इकडच्या बाया तिची नक्कल करायच्या आणि ती त्यांच्या 'हाये'ची करायची. माहेराचा तिला भारी अभिमान. बाप म्हातारा होऊन, वखर हाकता हाकता गेला. आई तशीच, शेत निंदताना. भाऊ अजून पोती उचलत होते. सासरच्या बाया साखरेच्या गोष्टी काढून बसल्या की ती म्हणायची,

"मना माहेरमा साखर फक्त डब्बामा शे."

बाया हसायच्या. नानाही हसायचा, पण जरा उशिरा.

घरात गोडधोड व्हायचं ते होतच होतं. सण कुणाला चुकलेत? नैवेद्याचं पहिलं ताट रिवाजाप्रमाणे नानापुढे यायचं. तो त्यातली पुरणाची पोळी उचलून कपाळाला लावायचा आणि स्वतःच्या हाताने झुंबरबाईच्या ताटात ठेवायचा. देवाचं टाकायचं कसं? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेराहून खापरावरचे पुरणाचे मांडे घेऊन आली की त्याच्या वाट्याचेही तिच्याच ताटात. लग्नातली बुंदी, शेजारचा शिरा, पोळ्याची खीर, सगळ्यांची वाट तीच. ते दोघं जेवताना असं देणं-घेणं चालायचं आणि बघणाऱ्याला वाटायचं, या वयातही नवराबायकोत काय माया आहे. खोटं नव्हतं ते. माया होतीच.

झुंबरबाई आजारी पडलेली कुणाला आठवत नव्हतं. चुलीवरचा तवा ती पदर न धरता उतरवायची. दुपारच्या फुफाट्यात अनवाणी चालायची. अलीकडे तिला तहान फार लागत होती, शेतात जाताना ती स्वतःची पाण्याची कॅन वेगळी न्यायची. अंगावरचं मांसही उतरलं होतं. बाया म्हणायच्या, झुंबरबाई, सून आल्यावर तर तू पोरगीच झाली. रात्री दोनतीनदा उठावं लागतं, हे ती कुणाला सांगायची नाही. उन्हाळा आहे, पाणी पिते, मग उठायचंच.

घरात संडास बांधून वर्ष झालं होतं. पांढरंशुभ्र भांडं बसवलेलं, आणि ते तसं पांढरंशुभ्र ठेवण्याचं काम सुनेकडे, मोहिनीकडे. मोहिनी दीपनगरची, तिचा बाप वीजकेंद्रात नोकरीला. बारावी झालेली, बोलणं शहरी. चैत्रात एका सकाळी तिला भांड्याच्या कडेला लाल मुंग्यांची ओळ दिसली. तिने पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी ओळ पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशी तिने नवऱ्याला, हेमराजला सांगितलं. हेमराजने वर बघितलं नाही. नुसतं म्हणाला, "नानाची."

साखरेच्या माणसाच्या लघवीला मुंग्या लागतात हे या घराला आबाच्या वेळेपासून ठाऊक होतं. घरात चौघं जण तो संडास वापरत होते, पण दुसरं नाव कुणाच्या मनातही आलं नाही. बोलायचं नाही असं ठरवूनही दोन दिवसांत ते नानाला कळलं. तो संडासाच्या दारात उभा राहून बराच वेळ मुंग्या बघत राहिला. मग त्याने हायच खाल्ली. विहिरीवरच्या मोटारीच्या चाव्या हेमराजला दिल्या, बँकेत त्याचं नाव लावून घेतलं, आणि मुंग्या घरातल्यांच्या डोळ्यांसमोर नकोत म्हणून पहिल्यासारखा बागेच्या बांधाला जाऊ लागला. झुंबरबाईने कारल्याचा रस दुप्पट केला. देवापुढे बसून ती म्हणायची की याचे पाय राख, दुसरं काही मागत नाही.

नाना बांधाला जायला लागल्यावरही मुंग्या येतच होत्या. मोहिनीने ते हेमराजच्या कानावर घातलं. तो म्हणाला, उन्हाळा आहे, मुंग्या पाण्याला येतात. तिने मग फिनाइलची बाटली आणली आणि गप्प बसली. सुनेने बोलायचं तरी किती.

मृगाच्या आधी वारं सुटलं. पाऊस नाही, नुसतं वारं. तापीकडून आलं आणि तासाभरात शिवारच्या शिवार आडवं करून गेलं. घड लागलेली झाडं कमरेत मोडली, टेकू दिलेले बांबू उभे चिरले आणि ठिबकच्या नळ्या तुटून त्यांचं पाणी रात्रभर बागेत वाहत राहिलं. सगळ्यांच्याच बागा पडल्या, तेव्हा मजूर कुणाला मिळणार? पडलेला घड दोन दिवसांत काळा पडतो, मग व्यापारी त्याच्याकडे बघतही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच अख्खं घर बागेत उतरलं.

हेमराज विळ्याने घड तोडायचा, नाना खांद्यावर घेऊन बांधापर्यंत आणायचा, झुंबरबाई खाली केळीची पानं अंथरायची आणि घडाचा चीक पुसून ओळीने मांडायची. मोडलेली झाडं ओढून वाट मोकळी करायचं कामही तिचंच. चिखल मांडीपर्यंत उडत होता. चपला रुततात म्हणून तिने त्या बांधावरच काढून ठेवल्या होत्या. चिकाने तिचे हात काळे झाले, लुगडं काळं झालं. चिरलेले बांबू चिखलात आडवेतिडवे रुतलेले, त्यांच्यातून ती सारखी ये-जा करत होती. नाना गमबुटात घामाने निथळत मधूनमधून बसायचा. ती बसली नाही.

दुपारी मोहिनी भाकरी घेऊन आली. सगळे विहिरीजवळच्या निंबाखाली बसले. झुंबरबाई पाय पसरून केळीच्या पानावर बसली होती आणि मिरचीचा ठेचा भाकरीला लावून खात होती. मोहिनी पाणी द्यायला वाकली तर तिला पान लाल दिसलं. आधी वाटलं ठेचा सांडला. मग तिने सासूच्या पायाचा चिखल पाण्याने धुतला. तळव्यात, अंगठ्याच्या मागे, बांबूची बोटभर कांब घुसून आत मोडली होती.

हेमराजने मोटारीच्या पेटीतली पक्कड आणली, पाय गुडघ्यात दाबून धरला आणि कांब ओढून काढली. रक्ताची धार लागली. झुंबरबाई घास चावत होती.

"माय, तुले कयलं नही?" हेमराजने विचारलं.

"चिखल थंड शे ना," ती म्हणाली. "काईच दुखस नई."

मोहिनी म्हणाली, सुई घ्यायला पाहिजे. झुंबरबाई म्हणाली, एवढ्याशाला सुई घेत बसले तर घड कोण पुसणार. तिने हळद दाबली, वर केळीच्या खोडाचा रस पिळला, लुगड्याची चिंधी बांधली आणि उठून पुन्हा कामाला लागली. संध्याकाळी चौकात नाना सगळ्यांना सांगत होता की आमची बाई म्हणजे पोलाद आहे, मी असतो तर तिथेच आडवा झालो असतो. माणसं माना डोलवत होती. त्या दिवशी कुणालाच भीती वाटली नाही. सगळ्यांना कौतुक वाटलं.

घड गाडीत भरले, वापसीच्या, म्हणजे टाकाऊ मालाच्या भावात गेले, आणि मग नानाच आडवा झाला. मोडकी झाडं ओढता ओढता त्याला भोवळ आली. ऊन होतं, पोट रिकामं होतं, पण घरात दुसरंच कारण मानलं गेलं. झुंबरबाई म्हणाली, आता पुरे झालं, सावद्याला जाऊन रक्त द्यायचं. नाना नाही म्हणाला. ती म्हणाली, मग मीही जेवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं काळीपिवळीतून निघाले. रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं म्हणून नानाने चहासुद्धा घेतला नव्हता. तो उपाशी, म्हणून तिनेही पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं. गाडीत ती त्याच्या शेजारी बसून त्याचा हात धरून होती, असा हात तिने चारचौघांत कधी धरला नव्हता. तिच्या पायाला तीच चिंधी होती, फक्त धुऊन बांधलेली.

सावद्याचा डॉक्टर तरुण होता, बोलायला मोकळा. रक्त घेतलं, बाहेर बसायला सांगितलं. नाना भिंतीला टेकून डोळे मिटून बसला. त्याला बाप दिसत होता, ओट्यावरच्या बाजेवरचा. झुंबरबाईने तेवढ्या वेळात तिथलं माठातलं पाणी चार वेळा जाऊन प्यायलं.

आत बोलावल्यावर डॉक्टरने कागद बघितला आणि हसला. "नाना, कुठे आहे तुमची साखर? तुम्हाला काहीही नाही. माझ्यापेक्षा चांगली आहे."

नानाला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो सगळ्यांदेखत रडला, मोठ्या माणसासारखा नाही, हुंदके देत. झुंबरबाईने पदराने त्याचं तोंड पुसलं. डॉक्टर तिच्याकडे बघत होता. तिचे खोल गेलेले गाल, सुकलेले ओठ त्याने बघितले असावेत. तो म्हणाला, मावशी, तुम्ही पण उपाशीच आहात ना, मग लगे हाथ तुमचंही रक्त बघून टाकू. आणि पायाला काय झालंय? तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतला आणि नवऱ्याकडे बघितलं.

नाना तेव्हा आनंदात होता. आयुष्यात पहिल्यांदा तो साखरेबद्दल हसून बोलत होता. "तिले काय करायचं डॉक्टरसाहेब? तिच्या माहेरी कोनालेच नही. ते बाहेरचं रक्त हाये."

"तसं नसतं नाना. ही कुणालाही होते. घराणं बघून येत नाही ती."

"मी काय खाटवर पडेल शे?" झुंबरबाई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली.

बाहेर रांग होती. डॉक्टर आणखी एकदा म्हणाला, पुढच्या वेळी तरी या. दोघं उठले. बाजारात नानाने पेढे घेतले आणि दुकानासमोरच एक उचलून अर्धा तोंडात टाकला. इतक्या वर्षांनी गोड खाल्लं तर त्याला ते सोसेना, जिभेवर जड वाटलं. उरलेला अर्धा त्याने स्वतःच्या हाताने झुंबरबाईच्या तोंडात घातला.

त्यानंतरचे दिवस घरात सणासारखे गेले. नानाने गमबूट माळ्यावर टाकले. चहात साखर पडली. तो पुन्हा संडासात जाऊ लागला आणि मुंग्या दिसल्या तर म्हणायचा, आता काय त्यांचं. पण मोहिनी त्या दिसल्या की हातातली बादली खाली ठेवून बघत राहायची. नानांना साखर नाही, मग या कुणामुळे येतात? ती दीपनगरला माहेरी गेली तेव्हा तिथे स्वतःचं रक्त तपासून आली. काही नव्हतं. मग तिने हेमराजमागे लागून त्याला सावद्याला पाठवला. त्यालाही काही नव्हतं. तो घरी आला, ओट्यावर बसला आणि दोघांनी एकमेकांकडे बघितलं. घरात आता एकच माणूस उरलं होतं. त्याचं नाव दोघांपैकी कुणीच घेतलं नाही, कारण ते माणूस आत भाकरी थापत होतं.

दोन दिवसांनी मोहिनीने धीर करून सासूपाशी विषय काढला. झुंबरबाईचा चेहरा दगडासारखा झाला. माझ्या बापाला नव्हती, माझ्या आईला नव्हती, भावांना नाही, मला कुठून आणली, असं तिने विचारलं. तिला वाटलं सून तिच्या माहेराला नाव ठेवते आहे. तिने मोहिनीशी बोलणं टाकलं. नानाला कळलं तेव्हा तोही सुनेवरच चिडला. झुंबरबाईने मग नानाचे टाकलेले मोजे काढून पायात घातले आणि कामाला लागली. गावाने पुन्हा थट्टा केली, एकाची साखर गेली तर मोजे दुसरीला.

मोजा का घातला हे वासाने कळलं. आषाढात एका दुपारी हेमराज आईजवळून गेला आणि थबकला. कुजलेल्या केळीचा असतो तसा वास होता. त्याने काही न विचारता तिला बाजेवर बसवली, मोजा ओढला. मोजा कातडीसकट निघाला. अंगठा काळा झाला होता, काळेपणा वर सरकत होता. झुंबरबाई आपल्याच पायाकडे दुसऱ्याचा बघावा तशी बघत राहिली. "पण दुखस तं नई," ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी घरातला एकही माणूस कौतुकाने बघत नव्हता.

जळगावला नेईपर्यंत तिला ताप चढला. तिथल्या डॉक्टरने रक्त बघितलं आणि विचारलं, साखर किती वर्षांची आहे? नाना म्हणाला, तिला नाही हो साहेब. डॉक्टरने समजावून सांगितलं की ही साखर आतल्या आत बरीच वर्षं होती, तिने पायाची जाण मारली, म्हणून बांबू गेला तरी कळलं नाही. तुम्ही महिनाभर आधी आला असतात तर बहुतेक बोटावर भागलं असतं. आता पाय गुडघ्याखाली कापावा लागेल, उशीर केला तर बाईच जाईल. नानाने विचारलं, मी तिला गोड खाऊ घातलं, त्याने झालं का? डॉक्टर म्हणाला, नुसत्या गोडाने होत नाही, वयाने होते, अंगात असते तर होते, कशानेही होते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तपासलं नाही एवढीच चूक झाली.

मनाला लावून न घेणं नानाच्या हातात नव्हतं. आत तिला घेऊन गेले आणि तो बाहेर फरशीवर बसला. सावद्याची ती खोली त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. ती उपाशी होती. डॉक्टर सुई घेऊन तयार होता. नको म्हणालं ते त्याचंच तोंड. वर्षानुवर्षं सगळ्या घराने त्याचे पाय डोळ्यांत तेल घालून जपले, तिने सगळ्यांत जास्त, आणि तो तिच्याबद्दल बाहेरचं रक्त म्हणाला. त्याला आपली लाज वाटली. बापाच्या वेळी वाटलं नव्हतं इतकं वाईट त्याला वाटलं.

श्रावणात तिला घरी आणली. बाज ओट्यावरच टाकली, कारण आत वारा नव्हता. भेटायला येणारी माणसं आधी नानाजवळ बसायची, सवयीने, आणि त्यालाच म्हणायची की तू जप बाबा, तुमच्या घराण्यात आहे.

पारोळ्याहून तिचा धाकटा भाऊ दगा आला. उंच, काटक माणूस. बहिणीच्या अंगावरच्या चादरीकडे, तिथल्या खोलगट जागेकडे त्याने एकदाच बघितलं आणि मग नानाकडे वळला. "दाजी, तुम्हना घरनं दुखणं मनी बहिणले लागी गयं."

नानाने मान खाली घातली. ते खरं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं.

मोहिनीच बोलली. मामा, ही लागत नाही कुणाची कुणाला, तुम्ही सगळ्या भावांनी एकदा रक्त तपासून घ्या. दगा हसला नाही, रागावलाही नाही. त्याची पोरगी रूपा लग्नाची आहे, सोयरीक बघणं चालू आहे, असल्या गोष्टी गावभर झाल्या तर पोरीला कोण करून घेईल, एवढं त्याने सांगितलं. मग बहिणीकडे बघितलं, तिने काहीतरी म्हणावं म्हणून.

झुंबरबाईने सून, भाऊ, नवरा, तिघांकडे बघितलं. नाना वाट बघत होता. ती खरं बोलली तर पारोळ्यातलं एखादं पाऊल वाचणार होतं, हे त्याला कळत होतं आणि तिलाही कळत असावं.

"आपलामा कोणलेच नई भाऊ," ती म्हणाली. "बांबू लागना, त्यानामुळे व्हयनं."

दगा समाधानाने मान हलवून चहा प्यायला आणि शेवटच्या गाडीने गेला. मोहिनी कपबश्या उचलून आत गेली. भांडी जरा जोरात आपटली गेली, पण नानाने तिला काही म्हटलं नाही. मोहिनीच्या जागी तो असता तर त्यानेही आपटली असती.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरने नानाला एक काम लावून दिलं होतं. राहिलेल्या पायाचा तळवा रोज बघायचा, बोटांच्या सांदीत बघायचं, जागोजाग अंगठ्याने दाबून विचारायचं की कळतं का. जिथे कळणार नाही तिथे जास्त लक्ष ठेवायचं. हे काम मोहिनी करत होती. त्या संध्याकाळी तिला हाक मारायचं नानाच्या मनात आलं नाही. तो बाजेच्या पायथ्याशी बसला आणि त्याने बायकोचं पाऊल उचलून मांडीवर घेतलं.

झुंबरबाई दचकली. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा? समोर रस्ता, येणारी-जाणारी माणसं. ती पाय ओढू लागली, पण एका पायावर जोर येत नव्हता.

"सोडा. माले पाप लागी."

"लागू दे," नाना म्हणाला.

तिने लाजेने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि पदर डोळ्यांवर ओढून घेतला. नानाने पाऊल उजेडाकडे वळवलं. टाचेला भेगा होत्या, त्यांत केळीचा चीक अजून काळा होऊन बसलेला. इतक्या वर्षांत हा तळवा त्याने कधी बघितलाच नव्हता. त्याने चष्मा पुसला, बोटं एकेक फाकवून बघितली, मग दाबण्यासाठी अंगठा पुढे केला.

"आठी कयतं का तुले?" त्याने विचारलं.

"हां," ती भिंतीकडे बघतच म्हणाली. "कयस ना. चांगलं कयस. तुम्ही नका काळजी करू."

नानाचा अंगठा अजून तळव्याला टेकलाच नव्हता. त्याने तो मागे घेतला आणि दोन्ही हातांनी पाऊल घट्ट धरून तो बराच वेळ तसाच बसून राहिला.